गाडीच्या एसीत गॅस भरण्यापूर्वी

माझ्याकडे एसीचे काम शिकायला येणाऱ्या मुलाच्या हाती मी पहिल्या दिवशी पाना देत नाही. आधी संरक्षक चष्मा आणि जाड हातमोजे देतो. या दोन वस्तूंशिवाय बॉनेटखालच्या एसीच्या एकाही नळीला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे, आणि तो मी स्वतःच्या डाव्या अंगठ्यावरून शिकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी दाब मोजणाऱ्या गेजची नळी सोडवताना तिच्यात उरलेला द्रवरूप गॅस क्षणभर अंगठ्याच्या टोकावर उडाला. त्या क्षणी वेदना अशी झालीच नाही. कातडीवर नाण्याएवढा पांढराफटक डाग उमटला, तिथला स्पर्श कळेनासा झाला, आणि अर्ध्या तासाने तिथे आग आग व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी फोड आला आणि पंधरा दिवसांनी तिथली कातडी सोलून निघाली. हाच फवारा एक वीत वर गेला असता तर डोळ्यात गेला असता, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

असे का होते हे समजले की पुढची सगळी काळजी आपोआप समजते. आज रस्त्यावर असलेल्या बहुसंख्य गाड्यांत जो आर-१३४ए गॅस असतो, तो साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. बंद नळीत तो दाबाखाली द्रव म्हणून राहतो, आणि बाहेर पडताक्षणी उकळू लागतो. त्यासाठी लागणारी उष्णता तो जिथे पडेल तिथून, म्हणजे आपल्या कातडीतून किंवा बुबुळातून ओढून घेतो. एसी गाडी थंड करतो तो याच गुणावर, आणि माणसाला इजा होते तीही याच गुणामुळे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गाडी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘थंड कमी होतंय, जरा गॅस मारून द्या.’ या वाक्यात त्यांचा काही दोष नाही, कारण वर्षानुवर्षे त्यांना तसेच सांगितले गेले आहे. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. ती बंदिस्त यंत्रणा आहे. तोच गॅस कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल यांतून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो हे खरे आहे, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी प्रमाण कमी होणे स्वाभाविक आहे. मात्र दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे बुडाला भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतत राहणे होय. माझ्या पाहण्यात या कामातले बहुतेक अपघात अशा घाईच्या भरण्यातूनच झालेले आहेत. म्हणून मी जेव्हा सुरक्षिततेबद्दल बोलतो तेव्हा खरे तर कामाच्या योग्य पद्धतीबद्दलच बोलत असतो, कारण या कामात त्या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

गेज लावून दाब पाहिला म्हणजे गॅस किती आहे ते कळते, हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. इंजिन बंद असताना यंत्रणेत थोडासाही द्रव शिल्लक असेल, तर दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-१३४एचा दाब गेजवर सुमारे ९७ पीएसआय (दाबाचे एकक) दिसेल. आत सहाशे ग्रॅम असोत वा तीनशे, काटा त्याच जागी उभा राहील. इंजिन आणि एसी चालू केल्यावर निळ्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला साधारण २५ ते ४५ आणि लाल, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला १५० ते २५० पीएसआय दाब दिसतो, पण तोही बाहेरचे ऊन, पंख्याचा वेग, कंडेन्सरवर बसलेली धूळ यांनुसार बदलतो. कंडेन्सरची जाळी चिखलाने बुजलेली असेल तर गॅस नेमका असूनही लाल बाजूचा काटा चढलेला दिसेल. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर निळ्या बाजूचा काटा खाली जाईल, आणि घाईतला माणूस ‘गॅस कमी आहे’ म्हणून आणखी भरेल. जास्त भरलेल्या यंत्रणेत लाल बाजूचा दाब वाढत जातो, थंडावा उलट कमी होतो, कॉम्प्रेसर तापतो, आणि दाब फार वाढला की कॉम्प्रेसर बंद करणारा संरक्षक स्विच बिघडलेला असेल किंवा कुणी तो तारेने जोडून टाकलेला असेल तर नळी किंवा सील फुटेपर्यंत वेळ येते. स्विच जोडून टाकलेल्या गाड्या माझ्याकडे आलेल्या आहेत. अशा गाडीत मी तो स्विच पूर्ववत केल्याशिवाय एसी चालू करून पाहतही नाही.

छोट्या डब्यातून गॅस भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट मला अगदी ठळकपणे सांगायची आहे. इंजिन चालू असताना लाल बाजूचा व्हॉल्व्ह डब्याकडे कधीही उघडू नये. त्या बाजूला दोनशेच्या वर दाब असतो, डब्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे गॅस डब्यातून गाडीत जाण्याऐवजी गाडीतून डब्यात शिरतो, आणि पातळ पत्र्याचा डबा हातात फुटतो. ही चूक होऊ नये म्हणूनच आर-१३४एच्या जोडण्यांची मापे मुद्दाम वेगळी ठेवलेली आहेत : कमी दाबाची १३ मिलिमीटर आणि जास्त दाबाची १६ मिलिमीटर. पण दोन गेजांचा संच लावला की दोन्ही बाजू एकाच पिवळ्या नळीला जोडल्या जातात, आणि मग संरक्षण उरते ते फक्त आपल्या हाताचे. मी तर इंजिन सुरू करण्याआधी लाल मूठ बंद आहे ना हे हाताने फिरवून पाहतो आणि मोठ्याने म्हणतो, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ते ऐकू जाते. निळ्या बाजूने भरतानाही डबा उभा धरावा. उलटा धरला की द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो, आणि द्रव दाबला जात नसल्याने आतले व्हॉल्व्ह तुटतात.

डब्यातला गॅस शेवटी शेवटी सावकाश येऊ लागतो, कारण उकळता उकळता तो स्वतःच गार होतो. अशा वेळी डबा गरम पाण्यात बुडवणे, त्यावर हॉट गन धरणे आणि एकदा तर गॅसबत्तीची ज्योत फिरवणे, हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सिलिंडर ५२ अंशांच्या वर कधीही तापू देऊ नये. मोठे सिलिंडर आकारमानाच्या ८० टक्क्यांपर्यंतच भरतात त्याचेही कारण हेच आहे : तापल्यावर द्रव फुगतो, आणि त्याला फुगायला मोकळी जागा उरली नाही की दाब काही अंशांतच इतका चढतो की पोलाद टिकत नाही. एकदाच वापरायचे सिलिंडर पुन्हा भरणे हा तर सरळ सरळ जिवाशी खेळ आहे.

पण या सगळ्याहून मला अधिक भीती वाटते ती सिलिंडरवर लिहिलेले एक आणि आत भलतेच असण्याची. २०११ साली समुद्रमार्गे माल नेणाऱ्या शीतकंटेनरांच्या यंत्रणा स्फोट होऊन फुटल्या आणि त्यांत कामगारांचे जीव गेले. चौकशीत आढळले की आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेले होते. मिथाइल क्लोराइड स्वस्त असते, त्याचे दाबाचे आकडेही फारसे संशय येण्याजोगे नसतात. पण ॲल्युमिनियमशी त्याची हळूहळू प्रक्रिया होऊन असे संयुग तयार होते की जे हवा लागताच आपणहून पेट घेते. गाडीच्या एसीत कंडेन्सर, कॉइल, नळ्या, कॉम्प्रेसरचे कवच हे जवळजवळ सगळे ॲल्युमिनियमचेच असते, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे गांभीर्य कळते. दुसरी भेसळ याहून सर्रास आढळते, ती म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनच्या मिश्रणाची, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या भावंडांची. थंडावा उत्तम मिळतो, म्हणून लोक खूशही असतात. परंतु कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत बसलेली असते. तिला भोक पडले की हा ज्वालाग्राही वायू काचा बंद असलेल्या गाडीत साचतो, आणि कुठल्याही स्विचची एक ठिणगी त्याला पुरते. म्हणून अनोळखी गाडीला माझे गॅस काढण्याचे यंत्र जोडण्याआधी मी गॅस ओळखण्याच्या उपकरणाने त्याची तपासणी करतो. भेसळ निघाली तर तो गॅस वेगळ्या, खूण केलेल्या सिलिंडरमध्येच उतरवावा लागतो. चांगल्या गॅसमध्ये मिसळला की तोही वाया जातो आणि पुढच्या दहा गाड्यांना तेच दुखणे लागते. गळती बुजवण्याच्या नावाखाली भरलेली रसायनेही तितकीच वाईट, कारण ती हवा लागताच घट्ट होतात आणि गॅस काढण्याच्या यंत्रातच जाऊन बसतात.

गॅस काढून घेण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘नळी सैल करून सोडून द्या, पाच मिनिटांचे काम’ असे म्हणणारे अजूनही आहेत. पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. त्यातला क्लोरीन ओझोनचा थर झिजवतो, असे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले; १९८७ साली माँट्रियल करार झाला, आणि १९९०च्या दशकात गाड्या आर-१३४एकडे वळल्या. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, मात्र उष्णता धरून ठेवण्यात तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे, म्हणून २०१६च्या किगाली दुरुस्तीत त्याच्यासारख्या वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. एका गाडीतले ६०० ग्रॅम हवेत सोडले तर ते साधारण साडेआठशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे, म्हणजे साडेतीनशे लिटरहून अधिक पेट्रोल जाळण्याइतके. पाच मिनिटे वाचवण्यासाठी एवढी किंमत मोजणे मला अजिबात पटत नाही. शिवाय सोडलेला गॅस लगेच विरून जात नाही. तो हवेच्या सुमारे साडेतीन पट जड असल्याने खाली बसतो, गॅरेजच्या खड्ड्यात साचतो, आणि त्याला जाणवण्याजोगा वास नसल्यामुळे खड्ड्यात काम करणाऱ्याला प्राणवायू कमी पडतो आहे हे चक्कर येईपर्यंत कळत नाही. जास्त प्रमाणात श्वासात गेला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. म्हणून हे काम मोकळ्या, वारा खेळत असलेल्या जागीच करावे, आणि गळतीचा संशय असलेली गाडी खड्ड्यावर घेऊच नये.

ज्योतीचा या कामाशी दुरूनही संबंध येऊ देऊ नये. आर-१३४ए नेहमीच्या परिस्थितीत पेटत नाही, परंतु ज्योत किंवा लालबुंद धातू यांच्या संपर्कात तो विघटित होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, आणि तो फुप्फुसे जाळतो. जुन्या आर-१२पासून तर फॉस्जीनसारखा विषारी वायूही बनत असे. एसीच्या नळ्यांजवळ वेल्डिंग करायचे असेल तर आधी गॅस काढून घ्यावा. गॅसचे काम चालू असताना विडी-सिगारेट ओढणाऱ्याला मी सरळ बाहेर जायला सांगतो, कारण पेटत्या टोकातून ओढलेली हवा थेट छातीत जाते.

गळती शोधण्यासाठी मी सर्वांत आधी डोळे वापरतो. गॅसबरोबर तेलही थोडे बाहेर येते, त्यामुळे जोडावर धूळ चिकटून झालेला काळपट, ओलसर डाग दिसला की निम्मे काम झाले. मग साबणाचा फेस, अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग, किंवा वास घेणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण. गॅस जड असल्याने त्या उपकरणाचे टोक नळीच्या खालच्या अंगाने फिरवावे. यंत्रणा रिकामी असेल तर दाब देऊन पाहावे लागते, आणि इथे कोरड्या नायट्रोजनखेरीज दुसरे काहीही वापरू नये. ऑक्सिजन कधीच नाही : दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवाही नाही, कारण तिच्यात बाष्प असते, आणि आर-१३४ए दाबाखाली हवेत मिसळला तर ते मिश्रण पेट घेऊ शकते. नायट्रोजनच्या सिलिंडरमध्येही प्रचंड दाब असतो. रेग्युलेटर लावल्याशिवाय तो जोडू नये, आणि १५० पीएसआयच्या आसपासचा दाब तपासणीला पुरेसा होतो.

दुरुस्ती झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावायचा. हा टप्पा घाईत सर्वांत आधी गाळला जातो, म्हणून त्याचे कारण सांगतो. २५ अंशांना पाणी उकळवायचे असेल तर दाब पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटरपर्यंत खाली आणावा लागतो. पंप त्याहून खाली जातो, आतला ओलावा उकळून वाफ होतो आणि ओढला जातो. तो आत राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकाशी त्याचा बर्फ होतो, शिवाय गॅस आणि तेलाशी प्रक्रिया होऊन आम्ले बनतात आणि ती आतून धातू खातात. गेजचा काटा शून्याखाली, निर्वाताच्या बाजूला पाऱ्याच्या २९ इंचांजवळ गेला की मी लगेच पंप बंद करत नाही. किमान अर्धा तास, यंत्रणा बराच काळ उघडी असेल तर पाऊण तास चालू ठेवतो. उंचावरच्या प्रदेशात काटा २९पर्यंत पोहोचणारच नाही, दर ३०० मीटरला सुमारे एक इंच कमी दिसेल, तेव्हा तिथे पंपाला दोष देऊ नये. नंतर दोन्ही मुठी बंद करून मी काट्यासमोर स्टूल टाकून बसतो. तो जागचा हलला नाही तर ठीक. सावकाश थोडा चढून थांबला तर आत ओलावा आहे. थांबता थांबत नसेल तर गळती आहे. ही दहा मिनिटे मी कुणालाही मोबाइल पाहू देत नाही. तरीही लक्षात ठेवावे की निर्वातात फार तर एका वातावरणाचा दाब बाहेरून आत लागतो. दोनशे पीएसआयला गळणारे बारीक छिद्र इथे गप्प राहू शकते, म्हणून नायट्रोजनची तपासणी आधी झालेली बरी.

तेलाच्या बाबतीत आपण जितके सावध तितके कमी. नेहमीच्या कॉम्प्रेसरमधले पीएजी तेल हवेतला ओलावा स्पंजासारखे शोषते. बाटली उघडी राहिली की ते तेल मी वापरत नाही. प्रत्येक उघडलेल्या जोडाला नवी ओ-रिंग, तिला त्याच तेलाचा हात, आणि नट आवळताना दोन पाने, नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळवटते. यंत्रणा उघडी राहिली असेल तर ओलावा शोषणारा ड्रायर बदलावाच.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय मात्र वेगळा आहे. त्यांतले बरेच कॉम्प्रेसर काहीशे व्होल्टवर चालतात आणि त्यांची मोटर तेलातच बुडालेली असते, म्हणून तिथे वीज न वाहून नेणारे विशिष्ट तेल, बहुधा पीओई, लागते. साध्या गाडीच्या नळीत उरलेले पीएजी थोडेसे जरी तिकडे गेले तरी मोटरचे विद्युतरोधन ढासळते, आणि तो दोष गाडीच्या सांगाड्यापर्यंत वीज पोहोचवू शकतो. या गाड्यांसाठी माझ्या नळ्या वेगळ्या आहेत. जास्त व्होल्टच्या नारिंगी रंगाच्या केबलला हात लावण्याआधी गाडी पूर्ण बंद करणे, बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवणे, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबणे, मीटरने शून्य व्होल्ट आहे याची खात्री करणे आणि हजार व्होल्टसाठी तपासलेले रबरी हातमोजे घालणे, यातले काहीही वगळता येत नाही. ज्याने याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले नाही त्याला मी या गाडीजवळ केवळ पाहायला उभे करतो.

नव्या गाड्यांत येणारा आर-१२३४वायएफ सौम्य ज्वालाग्राही आहे. त्याला स्वतःचे यंत्र लागते, आणि स्वस्त पडतो म्हणून त्याच्या जागी आर-१३४ए भरणे हा गाडीमालकाचा विश्वासघात आहे.

इंजिन चालू असताना गेजच्या नळ्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर बांधून घ्याव्यात, बाह्या घट्ट असाव्यात, हँडब्रेक ओढलेला असावा. विजेवर चालणारा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू लागतो, हे नवख्या माणसाला सांगावेच लागते. कातडीवर गॅस उडालाच तर चोळू नये, शेकू नये. कोमट पाण्यात तो भाग धरावा. डोळ्यात गेला तर किमान १५ मिनिटे भरपूर पाण्याने धुऊन तसेच डॉक्टरांकडे जावे, दुखत नसले तरीही.

भरणे मात्र नेहमी वजनावर. बॉनेटच्या आतल्या चिठ्ठीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. हल्लीच्या लहान गाड्यांत ते चारशे-पाचशेच्या आसपास असल्याने तीस-चाळीस ग्रॅमचाही फरक पडतो. सिलिंडर काट्यावर ठेवून मी तेवढाच गॅस सोडतो, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर लावून थंडावा पाहतो, आणि नळ्या सोडवल्यावर दोन्ही तोंडांवर साबणाच्या फेसाचा एक थेंब टाकतो. बुडबुडा आला नाही की टोपणे बसवतो. ही प्लॅस्टिकची टोपणे क्षुल्लक समजून अनेकदा हरवली जातात, पण आतली रबरी चकती हाच त्या तोंडाचा खरा सील असतो. म्हणून माझ्या खणात त्यांची एक डबी कायम भरलेली असते, आणि बिनटोपणाची गाडी आली की आधी ते बसवून, भरलेले ग्रॅम आणि तारीख चिठ्ठीशेजारी लिहून मगच बॉनेट खाली घेतो.